एक ते चाळीस, चाळीस सोडून

अहो, चाळीस म्हणजे चाळीस, नाही का? हातात चिठ्ठी चाळीस नंबरची, आणि भिंतीवरचा पडदा एकोणचाळीस पुकारून गप्प! तुम्हाला सांगतो, भीती सकाळपासूनच होती हो, मोतीबिंदूचं ऑपरेशन, डोळ्यात सुई, म्हणून तर कोथरूडच्या त्या दवाखान्यात आल्यागेल्याला "तुम्ही व्हा पुढं, तुम्ही व्हा" करत करत मी शेवटचा नंबर घेतला! मालन, म्हणजे आमची मंडळी, म्हणते, "अवो, मार्केट यार्डात जन्मभर पोती उचललीत, आन् सुईला भिताय?" अगं, पोतं पाठीवर येतं, डोळ्यात नाही येत!

पडदा गप्प झाला तेव्हा आधी बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू... वाचलो! मग खुर्च्या रिकाम्या झाल्या, पंखेसुद्धा बंद केले कुणीतरी, आणि मनात आलं, मशीनला काही दिसलं तर नसेल? हा म्हातारा टेबलावरून उठत नाही, कशाला पुकारा? खिडकीतल्या साहेबांना चिठ्ठी दाखवली, तर ते मान वर न करता म्हणाले, "पडद्यावर नाही, म्हणजे आपण नाही." नाही? अहो, हा काय उभा आहे! चाळीस म्हणजे चाळीस, नाही का?

शेवटी रुपाली नावाची पोरगी आली, त्या पडद्याचा प्रोग्रॅम तिनंच लिहिलेला. बघितलं आणि कपाळावर हात मारला! "सॉरी आजोबा, मी रेंज एक ते चाळीस दिली. त्यात शेवटचा आकडा धरत नाहीत, त्याच्या अलीकडंच थांबतात. एक्केचाळीस लिहायला हवं होतं."

म्हटलं, "पोरी, मी शाळेची पायरी चढलो नाही, पण मोजणी कळते. पहिल्या पोत्याला आम्ही एक म्हणत नाही, लाभ म्हणतो, लाभ, दोन, तीन... पण शेवटचं पोतं काही ट्रकमध्ये सोडून घरी जात नाही! चाळीस म्हणजे चाळीस! बरं, हा एक्केचाळीस नंबरवाला बसलाय कुठं?"

"तो नाहीच, आजोबा."

म्हणजे नसलेल्या माणसाच्या जिवावर मी आहे?

तिनं बटणं दाबली, पडदा ओरडला, चाळीस! मी जिन्याकडं वळलो, मालननं धरून आत ढकललं. टेबलावर आडवा, डोळ्यांवर हा एवढा दिवा, आणि नर्सबाई गोड आवाजात, "घाबरायचं नाही, एक ते दहा मोजा, तेवढ्यात सुई होते." लाभ, दोन, तीन... आठ, नऊ... आणि थांबलोच! म्हटलं, "बाई, दहा धरून का सोडून?"

"आजोबा, चारलाच झाली सुई!"

आता दुसरा डोळा. पुढच्या महिन्यात एक ते दहा तारखेत कधीही या म्हणालेत. मी गुपचूप दहा तारीख घेतली... नाहीच धरली मशीननं, तर बरंच की! पण मालन कसली सोडते हो... जिना उतरता उतरता मागं वळली आणि रुपालीला म्हणाली, "पोरी, तेवढं अकरा लिही गं."