दत्तारामभाऊंनी बेतानं नेलेली गाडी

मंडळी, सावर्डे स्टँडवरचे माझे सगळे ड्रायव्हर भाऊबंद, गावकरी, आणि भाऊंच्या मागे राहिलेल्या सुनंदावहिनी. मी सुरेश. माइकवर कधी बोललेलो नाही. आज बोल म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, मीच नाव दिलं. वहिनी, तुमच्याकडे बघून बोलायचा धीर होत नाही. तरी बोलतो.

दत्तारामभाऊंना जाऊन आज आठ दिवस झाले. आपल्या स्टँडवर त्यांची जीप सगळ्यात जुनी, आणि डिझेल सगळ्यात कमी खाणारी. कशी? ते सांगायचे, पण ऐकत कोण होतं? सकाळी टायर थंड असतानाच हवा बघायची. टपावर सामान नसेल तर कॅरियर उतरवून ठेवायचं. पॅसेंजर भरेपर्यंत इंजिन बंद. गतिरोधक लांबून दिसला की तिथूनच पाय उचलायचा, म्हणजे करकचून ब्रेक मारायची वेळ येत नाही. मी उतारावर गाडी न्यूट्रल करायचो. ते म्हणायचे, "सुऱ्या, गिअरात ठेव. न्यूट्रल करून डिझेल वाचत नाही रे, जीव मात्र जातो." मी हसायचो. त्यांच्या गाडीला आम्ही बैलगाडी म्हणायचो. ते नाव मीच ठेवलेलं.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी माझ्या आईला धाप लागली. दरड आल्यामुळे चिपळूणचा रस्ता बंद. रत्नागिरीचं हॉस्पिटल गाठायला हवं होतं. डिझेलचा टँकर आला नव्हता, वाटेतले पंपही कोरडे. आदल्या दिवशी मी दुसऱ्या जीपशी चढाओढ करत गाडी पळवली होती, माझा काटा तळाला. मी कुणाला विचारायच्या आधीच दत्तारामभाऊंनी गाडी दारात आणली. त्यांच्याकडेही फार नव्हतं. काट्याकडे बघून म्हणाले, "बेतानं नेली तर पुरेल."

आणि बेतानंच नेली. एका चालीत. आईचं डोकं माझ्या मांडीवर, आणि मी मागून ओरडतोय, "दाबा ना, भाऊ."

"दाबली तर वाटेत संपेल रे."

त्यावर मी काय बोललो, ते आज सांगायलाच हवं. म्हटलं, "तुमची आई असती तर अशी चालवली असती?" त्यांनी एकदा काट्याकडे बघितलं. गाडीचा वेग बदलला नाही.

आम्ही पोचलो. आईला आत नेलं. भाऊ गाडी बाजूला घ्यायला गेले, तर ती सुरू होईना. टाकी संपली होती. चौघांनी ढकलून कडेला लावली.

आई वाचली. ती बघा, तिसऱ्या रांगेत बसली आहे.

चार दिवसांनी टपरीवर मित्रांनी विचारलं, कसं काय झालं? मी काय सांगितलं असेल? म्हटलं, "बैलगाडीतून नेली. मी चालवली असती तर अर्धा तास आधी पोचलो असतो." सगळे हसले. वळून बघतो तर भाऊ मागेच उभे, हातात चहाचा ग्लास. त्यांनी चहा संपवला. विचारलं, "आई जेवते ना आता नीट?" आणि गेले.

त्या दिवसापासून त्यांनी मला एकदाही टोकलं नाही. एकदाही नाही. मी उतारावर न्यूट्रल करायचो, ते बघायचे आणि मान वळवायचे. तेव्हा मला वाटलं, सुटलो. मंडळी, माणूस आपल्याला बोलायचा थांबतो तेव्हा आपण सुटत नाही. हे मला फार उशिरा कळलं.

माफी मागायला वेळ नव्हता का? रोज होता. स्टँडवर नंबराच्या रांगेत आमच्या गाड्या एकामागे एक लागायच्या. उद्या बोलू, म्हणायचो. मग त्या सोमवारी त्यांच्या छातीत कळ आली, आणि दुपारपर्यंत भाऊ नव्हते.

वहिनी, खोटं मी चारचौघांत बोललो होतो, म्हणून खरंही चारचौघांत सांगतो. त्या दिवशी मी चालवत असतो तर गाडी वाटेतच बंद पडली असती, आणि आई माझ्या मांडीवर गेली असती. भाऊंनी तिला वाचवलं. त्यांना मी साधं 'उपकार झाले' म्हटलं नाही.

भाऊ, चुकलं माझं.

आता सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहू या. भाऊंशी कुणाचं काही बोलायचं राहिलं असेल, तर मनातल्या मनात बोला. माझं मी आज बोललो. ऐकायला ते नाहीत.