चौथ्यांदा तेच सील

स्पेअरपार्टच्या दुकानात रांगेत एक म्हातारा आणि त्याची लेक उभी होती. मागचा रंगारी कान टवकारून ऐकत होता.

"बाबा, पुढच्या एक्सलचं सील चौथ्यांदा गेलं?"

"फोर बाय फोर पिकअप आहे, बये. माझ्याएवढी म्हातारी. तेल गळणारच!"

"तुम्हीच शनिवारी फाडून ठेवता."

"मला काय कुत्रं चावलंय?"

"तुमच्या उशीखाली स्क्रूड्रायव्हर होता."

"पाठ खाजवायला!"

"बाबा!"

"बरं, फाडतो. गाडी धावायला लागली, की तू कशाला येशील दर रविवारी दुरुस्तीला?"

लेक दुकानदाराकडे वळली. रंगाऱ्याचं हसू मिशीतच अडकलं.

"काका, एक सील द्या, मजबूत. आणि बाबा, हे फाडायचं नाही. पुढच्या रविवारी आपण गिअरबॉक्स उघडू. त्याचं काम वर्षभर पुरेल."