दिसतंय तवर

कंग्राळीच्या जयाबाई बेळगावच्या दवाखान्यात दुखरा डोळा पदरानं टिपत बसल्या होत्या. बोरगावचे नेमगोंडा आणि त्यांचा बोर्डिंगात शिकणारा मुलगा बाहुबली डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले आणि त्यांच्या शेजारी येऊन टेकले.

“गोरा डाक्तर इंग्रजीत काय म्हणाला रं?”

“उजवा डोळा गेलाय, आप्पा. डावाबी दिवाळीपतोर जाईल म्हणाला.”

“दुसरा कोण डाक्तर न्हाय?”

“ह्योच सगळ्यांत मोठा.”

“मग ऊठ. घरला जाऊ.”

“मला बोर्डिंगात सोडा.”

“आता तिथं काय करतोस?”

“वाचतो. दिसतंय तवर.”

“खुळा हैस काय? वाचून उरलाय त्यो डोळाबी घालवशील.”

“न वाचताबी जाणारच हाय न्हवं? भूगोल निम्मा ऱ्हायलाय. संस्कृत तर आत्ता कुठं गोड लागाय लागलंय.”

“परीक्षेला कोण बसवून घेणार तुला?”

“परीक्षेसाठी न्हाय, आप्पा. मागनं अंधारात बसल्यावर डोक्यात कायतरी पायजे की.”

“आणि तुझी आई? दिसतंय तवर तिचं तोंड तरी बघ की रं.”

“आईचं तोंड मला पाठ हाय.”

नेमगोंडा उठून उभे राहिले. मग पटका सारखा करून ते जयाबाईंकडे वळले.

“आक्का, बोर्डिंगकडं जायला टांगा कुठं मिळंल?”