लेझर बंद असतानाची निरीक्षणे

वनाभाऊ : असं कसं म्हणता सर? लेझर दिवाळीपासून बंद शे. मीच काढून कपाटात ठेवला.

रविंद्र सर : वनाभाऊ, हा प्रयोग जानेवारीत झाला. अख्ख्या वर्गाची जर्नल्स तपासून मी सह्या केल्या आहेत.

वनाभाऊ : मुलं प्रयोगशाळेत आली, बसली, लिहून गेली. पडद्यावर ठिपकाच पडला नाही, तर मोजणार काय?

रविंद्र सर : मग प्रयोगशाळा सहायक म्हणून मला कळवायचं होतं तुम्ही.

वनाभाऊ : दुरुस्तीचा अर्ज दिला ना! ही बघा प्रत. खाली सही कोणाची?

रविंद्र सर : ...माझी.

वनाभाऊ : तुम्ही फोनवर होता. मी बठ्ठे, सगळेच कागद एकदम पुढे सरकवले. माझंही चुकलंच म्हणा.

रविंद्र सर : तुमचं नाही चुकलं. ती जर्नल्स द्या इकडे. प्रेमराजची तरंगलांबी सहाशे अठ्ठेचाळीस पूर्णांक सात नॅनोमीटर. डिंपलची सहाशे अठ्ठेचाळीस पूर्णांक सात. लोटनचीही तीच. लेझर चालू असतानाही चौघांचं उत्तर दशांशापर्यंत जुळलं, तर मला शंका यायला हवी. इथे एकोणसाठ जणांचं जुळलंय.

वनाभाऊ : साठ ना, सर?

रविंद्र सर : एकोणसाठ. समीक्षाच्या पानावर एकच ओळ होती. लेझर बंद असल्याने निरीक्षणे घेता आली नाहीत.

वनाभाऊ : ती पिंपळनेरची? जिला तुम्ही सगळ्यांसमोर...

रविंद्र सर : हो. म्हणालो होतो, यंत्राला दोष देणारे इंजिनिअर पुष्कळ पाहिले, पहिल्याच वर्षी सुरुवात करणारी तूच. वर्ग हसला. मलाही ते वाक्य आवडलं होतं.

समीक्षा : सर, आत येऊ का? जर्नल पूर्ण केलंय. ‘अपूर्ण’ या तुमच्या शेऱ्यामुळे माझं टर्मवर्क अडलंय. त्याचे गुण ऑफिसात गेल्याशिवाय परीक्षेचं हॉलतिकीट देत नाहीत.

रविंद्र सर : बघू. ...सहाशे अठ्ठेचाळीस पूर्णांक सात. ही निरीक्षणं कुठून आणलीस?

समीक्षा : प्रेमराजच्या जर्नलमधून. तुम्हीच ते नमुना म्हणून वर्गात फिरवलं होतं.

रविंद्र सर : आणि तुझं आधीचं पान?

समीक्षा : फाडलं. त्यावर तुमची लाल शाई होती.

[सरांनी पेनाचे टोपण काढले आणि परत लावले.]

रविंद्र सर : समीक्षा, तू लिहिलं होतंस ते खरं होतं. मी लेझरच्या टेबलापाशी फिरकलोही नव्हतो. ज्यांच्यासमोर तुला बोललो, त्यांच्यासमोरच उद्या हे सांगेन. एकोणसाठ सह्या मागे घेईन, प्राचार्यांनाही कळवेन. ती ओळ पुन्हा लिही. मी तिच्याखाली सही करतो.

समीक्षा : म्हणजे हेही पान फाडायचं?

वनाभाऊ : ऐक ना माय, सर चूक कबूल करताहेत.

समीक्षा : ऐकलं मी, वनाभाऊ. उद्या एकोणसाठ जणांचं टर्मवर्क अडेल. तेव्हा ते कोणाकडे बघतील?

रविंद्र सर : दोष माझा आहे, तुझा नाही.

समीक्षा : तेव्हा तरी कुठे माझा होता, सर?

रविंद्र सर : ...नव्हता.

समीक्षा : ऑफिस पाचला बंद होतं. ह्याच पानावर सही करा. खरं काय ते उद्या बघू.