बर्फ न काढलेलं घर

नीलिमा : इथेच लावा गाडी. यादीतलं पहिलं घर हेच ना, बावीस नंबर?

विलास : हो ताई. मिसेस मेडेरोसचं. आज सही करते म्हणाली आहे.

नीलिमा : विलासराव, पहिल्या दिवशी मी काय शिकवलं होतं?

विलास : बर्फ पडला की सकाळी गल्ल्या फिरायच्या. जिथं ड्राइव्हवेवरचा बर्फ काढला नाही, दारात फ्लायर्सचा ढीग आहे, तिथला मालक घराला कंटाळलेला. पत्ता टिपायचा, पत्र टाकायचं. प्रिंट नाही, हातानं लिहिलेलं.

नीलिमा : मग इथे बर्फ कुठंय? काल वीस सेंटिमीटर पडलाय, आणि अख्ख्या गल्लीत हे एकच अंगण रांगोळी काढण्याइतकं स्वच्छ. पायऱ्यांवर घसरू नये म्हणून मीठसुद्धा टाकलंय! कोणी केलं?

विलास : मीच केलं ना बाप्पा.

नीलिमा : तुम्ही?

विलास : पत्र द्यायला आलो तर पोस्टमन पायरीवर घसरता घसरता वाचला. मग तेवढी पायरी केली. मग वाटलं, एक पायरी करून काय होते? बर्फ काढायचं शोव्हल गाडीत होतंच.

नीलिमा : एकदाच?

विलास : डिसेंबरपासून... अकरा वेळा.

नीलिमा : केंब्रिजमध्ये घरं शोधायला माणूस पाठवला, तो बर्फ काढत बसला! अपूर्वाला माहीत आहे?

विलास : तिला वाटते मी मार्केट रिसर्च करून राहिलो.

नीलिमा : तुमची बायको असली तरी माझी सख्खी बहीण आहे ती. ऑक्टोबरात प्लांटमधून तुमचा लेऑफ झाल्यावर तुम्हीच तिला शब्द दिलात. मार्च उजाडेपर्यंत एक डील, नाहीतर गपचूप रेझ्युमे पाठवायचे. आज फेब्रुवारीची सतरा तारीख आहे.

विलास : तारखा पाठ आहेत ताई. म्हणून तर आज सही.

नीलिमा : बरं, तयारी बघू. घर किती दुरुस्तीचं?

विलास : घर तापवायचा फर्नेस पंचवीस वर्षांचा. बेसमेंटच्या भिंतीला ओल आहे. छत नाही पाहिलं, बर्फाखाली आहे.

नीलिमा : छत न बघता भाव ठरवायचा नाही. उन्हाळ्यातले फोटो मागा, नाहीतर इन्स्पेक्शनची अट घाला. आणि घेणारा?

विलास : तो आधीच शोधून ठेवला. एटोबिकोचा नंदन, घरं दुरुस्त करून विकतो.

नीलिमा : हे मात्र शाबास. गिऱ्हाईक हातात नसताना सही करणारे नवशिके मी पुष्कळ बघितलेत. पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं. जेवणाचे डबे पोचवताना घरं हेरायची एवढंच मला यायचं, बाकी सगळं आपटून शिकले. आता मुख्य प्रश्न. ती विकतेय का?

विलास : म्हणाली, हिवाळा झेपत नाही. नवरा गेल्यापासून बर्फाचीच धास्ती. बाकी घर आवडते तिला.

नीलिमा : आणि तिला तुम्ही नीट सांगितलंय ना? की आपण घर घेत नाही, घर घ्यायचा करार करतो, तो करार दुसऱ्याला देतो, आणि मधला मोबदला आपला?

विलास : कागदावर आहे ना तसं. चौथ्या पानावर.

नीलिमा : चौथ्या पानाचं विचारत नाहीये.

विलास : तिला वाटते मीच राहायला येणार. तुझ्या पोरीला, कस्तुरीला, वरची खोली द्या म्हणाली, तिथं सकाळचं ऊन येते. पेअरच्या झाडाला पाणी कसं घालायचं तेही दाखवलं. आता मध्येच कसं सांगू?

नीलिमा : मध्येच सांगायचं. सहीनंतर कळलं की ती फसवणूक, सहीआधी सांगितलं की तो धंदा. आणि तिला म्हणा, कागद स्वतःच्या वकिलाला दाखव.

विलास : नाही म्हणाली तर?

नीलिमा : तर नाही.

विलास : तुमचं बरं आहे जी. रेझ्युमे मला लिहायचा आहे. पन्नाशीत.

नीलिमा : मी इथेच बसते. हीटर चालू ठेवून जा.

(विलास घरात जातो. चाळीस मिनिटांनी परत येतो, हातात फॉइलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी.)

नीलिमा : काय झालं?

विलास : गोड पाव आहे. तुमच्यासाठी पण दिला. गाडीत कोण बाई गारठून राहिली म्हणे.

नीलिमा : अहो, पावाचं नाही विचारत!

विलास : सगळं सांगितलं. नंदनचं नाव, माझा मोबदला, सगळं.

नीलिमा : चिडली?

विलास : हसली. म्हणाली, मला संशय होताच. घर घेणारा माणूस छताकडे पाहतो, तू नेहमी पायऱ्यांकडेच पाहत होता.

नीलिमा : बघा, तिलाही कळतं. मग सही?

विलास : नाही.

नीलिमा : का? आता काय राहिलं?

विलास : म्हणाली, मी विकत होती ते बर्फामुळे. बर्फ तर तू काढून राहिला.

नीलिमा : अरे देवा.

विलास : मी पाव घेतला अन् निघालो ताई.

नीलिमा : एवढंच म्हणायचं होतं की मी उद्यापासून येणार नाही. एका वाक्यात सही झाली असती.

विलास : सुचलं होतं ते वाक्य.

नीलिमा : मग?

विलास : ती पाव कापत होती. तुम्ही म्हटलं असतं का?

नीलिमा : गाडी सुरू करा. यादीतलं दुसरं घर कुठलं?

विलास : पुढच्या चौकाजवळचं. मालक मुलाकडे ओटावाला गेला, घर रिकामं आहे.

नीलिमा : याला म्हणतात काम. रिकामं घर, लांब गेलेला मालक. आज पत्र नाही, फोन. फोनवर पहिल्याच मिनिटात सांगायचं आपण कोण ते. अपूर्वाशी मी बोलते, बारा दिवस आहेत अजून. आणि एक करायचं. गाडीतून उतरायचं नाही.

विलास : नाही उतरत.

नीलिमा : ते शोव्हल आधी घरी ठेवून येऊ या का?

विलास : राहू द्या ना ताई. जागा कुठं अडवून राहिलं ते.