मागचं दार

मिरकरवाड्याच्या सलूनात नकलाकार दिगंबर शिरधनकर दाढीला बसला होता. तोंडभर साबण लागला आणि पाठीमागच्या बाकावर त्याचाच विषय निघाला.

"आप्पा, काल शाळेच्या हॉलात आलात न्हाय? शिरधनकराच्या नकला होत्या."

"कोनाच्या नकला?"

"शिनेमातल्या हिरोंच्या. रात्रीचा काळा चष्मा काय, नुसतं शिंकला तरी चमच्यांच्या टाळ्या काय. हसून हसून पोट दुखलं."

"सगल्यात भारी काय केलंन?"

"लोकांना चुकवून हिरो मागच्या दारानं पळतो, ते. पँट सावरत असा पळाला, आख्खा हॉल लोळला."

दिगंबर साबणाखाली सुखावला. न्हाव्याला म्हणाला, "सावकाश होऊ दे, घाई नाही."

"मग सहदेवा, भेटलास काय त्याला?"

"भेटतो कसला. माझी आये शहाळं घेऊन पुढल्या दाराशी उभी. म्हणाली, येवढं हसवलंन पोरानं, घसा सुकला असंल. हॉलाला कुलूप लागलं तरी ह्याचा पत्ता न्हाय."

"गेला कुठं?"

"मागच्या दारानं."

"आनि शहाळं?"

"शिपाई प्याला."

"आये रागावली असंल."

"छ्या. ती म्हणते, त्याची नक्कल संपली नसंल अजून."

न्हाव्याने वस्तरा पुसला. "हा गाल झाला, साहेब. आता जरा बाकाकडं तोंड करा."

"राहू दे तसाच," दिगंबर हळूच म्हणाला. "तुमच्या दुकानाला मागचं दार आहे का?"