गाडीविना रविवार

—आणि वॉर्ड ऑफिसातून इथवर यायला तुला मोटरसायकल लागली? सात मिनिटांची वाट आहे. चढ नाही, काही नाही. आणि तीही या आठवड्यात, तेलाचा थेंब मिळत नसताना. बस आता, उभ्या उभ्या जबाब घेणार आहेस का? सातवी ब ना तू? खिडकीजवळच्या बाकावरचा, नकाशात नद्या डोंगरावर चढवायचास तो. चांगलं झालं, कारकून झालास. बाईंच्या घरी येऊन बाईंचाच जबाब लिहायचा म्हणजे जिवावर आलं असेल तुझ्या — यायलाच पाहिजे. चहा नाही देत. गॅस पाच दिवसांपूर्वी संपला, आमच्या जिन्यात सगळ्यांचाच संपलाय. तुझ्या साहेबांचा संपला नसेल तर ते मला सांगू नकोस, माझं डोकं फिरेल.

तर तक्रार काय, की मी गेल्या रविवारी वाचनालयासमोरचा रस्ता अडवला आणि एका पेशंटची गाडी अडकली. पहिलं वाक्यच खोटं. अडवला नाही, बंद ठेवला. परवानगी काढून, तुमच्याच ऑफिसचा शिक्का आहे तिच्यावर, आणि त्या शिक्क्यासाठी तुमच्या ऑफिसचे चौदा हेलपाटे घातलेत मी, चालत. महिन्यातून एक रविवार, सात ते बारा. दोन्ही टोकांना वाचनालयाचे लांब बाक आडवे टाकायचे, मधला रस्ता माणसांचा. मुलं खडूनं चित्रं काढतात. एक म्हातारा फिटर आहे, तो पंखे, इस्त्र्या नीट करून देतो. शिंपीणबाई छत्र्या शिवते. एवढंच — बॉम्ब बनवत नाही आम्ही. पहिल्या रविवारी नऊ माणसं आली, त्यातली चार गाडीनं. गाडीविना रविवारला गाडीनं, आणि वर मलाच विचारतात, बाई, गाडी कुठे लावू? आणि तुमचं ते वृक्षारोपण? हसू नकोस, तू होतास तिथे, फोटोत दिसतोस. चाळीस गाड्या आणि बारा रोपं. त्यातली सात तर गाड्या मागे घेताना चाकाखाली गेली.

मला तेलबाई म्हणतात, ठाऊक आहे मला. म्हणू देत. पण वीस वर्षं घसा कोरडा करून मी जे सांगतेय ते तरी धड ऐका की. तेल संपणार असं मी कधी म्हटलं नाही. स्वस्त तेल संपणार, असं म्हटलं. आपणहून उसळून येणारं होतं ते काढून झालं. आता समुद्राच्या तळाला भोकं पाडा, खडक फोडा, वाळू उकळा — तेल काढायला तेलच जाळा. विहीर आटायला लागली की बादली लहान होत नाही रे, दोर लांब होत जातो. सातवी बच्या मुलांना एका तासात कळलं होतं हे. निवडून आलेल्यांना पाच वर्षांत कळत नाही. आणि जे जाळलं त्याचा धूर जातो कुठे? शाळेच्या व्हरांड्यातलं थर्मामीटर मी रोज दुपारी दोनला वाचायचे, सत्तावीस वर्षं, वही आहे माझ्याकडे. पहिल्या नऊ वर्षांत फक्त तीन दिवस असे, की मधल्या सुट्टीत मुलांना बाहेर सोडलं नाही. शेवटच्या नऊ वर्षांत एकशे दहा. ती वही घेऊन मी तुमच्या साहेबांकडे गेले, तर ते म्हणाले, बाई, अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं.

मग आता आलं ना दारात? तेलाचं जहाज आलं नाही, तीन दिवसांत सगळ्या पंपांवर 'साठा नाही'. जे लोक मला बघून रस्ता ओलांडायचे, ते आपणहून घरी आले — बाई, तुम्ही म्हणत होतात तसंच झालं. मला बरं वाटलं. हे लिहू नकोस. पण वाटलं, खोटं कशाला बोलू? आणि त्या रविवारी तीनशे माणसं होती रस्त्यावर. तीनशे. गाड्या सगळ्या दाराशी उभ्या, जातील कुठे? फिटरकडे रांग लागलेली. मी टोकाच्या बाकावर बसले होते आणि मला वाटत होतं, आता कुणीही यावं, नगराध्यक्ष येवोत नाहीतर त्यांचा बाप, मी या बाकावरून उठणार नाही.

आणि तेव्हाच गाडी आली. एकच. पांढरी. अख्ख्या गावाच्या टाक्या कोरड्या आणि या एका गाडीत तेल — कुणाची असेल? पंपमालकाची. माझ्या दादाची.

हो, सख्खा भाऊ. तुला माहीत नव्हतं? तक्रार ज्यानं केलीय तो माझा भाचा, दादाचा मुलगा. आम्ही अकरा वर्षं बोलत नाही. वडिलांची कोपऱ्यावरची जागा होती, तिथे मला मुलांसाठी बाग करायची होती आणि दादाला पंप. पंप झाला. उद्घाटनाला मी फलक घेऊन फाटकासमोर उभी राहिले, पाहुण्यांदेखत. दादा बाहेर आला, मला म्हणाला, उन्हात उभी राहू नकोस, आत येऊन घोषणा दे. सगळे हसले. त्या हसण्याचा मला जो संताप आला तो आला. वहिनी निरोप पाठवत राहिली, मी गेले नाही. आणि याच दादानं — आता तू विचारलंस म्हणून — नाही विचारलंस, बरं, पण ऐक — याच दादानं दुसऱ्याच्या पंपावर हातात नळी धरून मला शिकवलं. वडील गेले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. त्यानं आणून दिलेल्या पुस्तकांना पेट्रोलचा वास यायचा. भूगोल मी त्या वासात शिकले. हेही लिहू नकोस.

तर गाडी आली. भाचा हॉर्न वाजवतोय, काच खाली करून ओरडतोय, आत्या, बाक काढ. तुझ्या कागदावर काय लिहिलंय? वाच. 'पेशंट असल्याची कल्पना नसल्याने विलंब झाला.' असं सांगितलं फिटरनं? भला माणूस आहे. तो उठला होता बाकाचं दुसरं टोक धरायला. मी त्याला म्हटलं, बसा तुम्ही. हे सांगितलं का त्यानं? नाही ना. सांगणार नाही तो. माझा पंखा तीनदा फुकट दुरुस्त करून दिलाय त्यानं.

हं. तर खाली मला फक्त सही करायची. मग तक्रार मिटते, परवानगी टिकते, पुढचा रविवार होतो. तू मदत करायला आलायस, कळतंय मला. मघापासून कळतंय.

पण मला दादा दिसला होता. मागच्या सीटवर, वहिनीच्या खांद्यावर. तोंड एका बाजूला ओघळलेलं. डोळे उघडे होते, माझ्याकडेच बघत होता. मला कळलं काय झालंय ते. शाळेत प्रथमोपचार मीच शिकवायचे, तुलाही शिकवलाय. कळलं, आणि मी उठले नाही. असं काही ठरवलं नव्हतं रे. मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते. बाग, पंप, ते हसणं, पुस्तकं, सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत. पूर्ण भांडले. अकरा वर्षांचं भांडण आणि त्याला चार मिनिटं लागली. मग वहिनीनं काचेवर हात आपटला आणि मी उठले. बाक मी एकटीनं ओढला.

रुग्णवाहिका का नाही बोलावली, हे तुझ्या साहेबांनी विचारलं? बोलावली होती. दवाखान्याच्या आवारात उभी होती, टाकी कोरडी. भाच्यानं पंपाच्या हौदाचा तळ उपसून पाच लिटर काढलं, त्यावर बापाला घेऊन निघाला. आणि मी समजले, पंपमालक मिरवायला निघाला. नाही — समजले नाही. तसं समजायचं होतं मला.

जिवंत आहे. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, चार मिनिटांनी फरक पडला की नाही ते कुणालाच सांगता येणार नाही. वहिनीनं हा निरोप शेजारणीकडून पाठवला, नुसता निरोप, पुढे शब्द नाही. मी अजून गेलेले नाही. काय तोंड घेऊन जाऊ? बोलू न शकणाऱ्या माणसाशी बोलायचं तरी काय, आणि तेही अकरा वर्षांनी?

आण तो कागद. 'कल्पना नसल्याने' खोड. मीच खोडते, दे पेन. आता लिही मी सांगते तसं. पेशंट दिसला, ओळखला, तरी मी चार मिनिटं उठले नाही. लिहिलंस? नवीन ओळ. रस्ता बंद ठेवणं बरोबर होतं, ते पुढेही करावं लागेल, मला काढा आणि फिटरला नेमा, पण रविवार बंद करू नका. ही वेगळी ओळ हवी, वरच्या ओळीला चिकटवू नकोस. लोक चिकटवतील. म्हणतील, बघा, तेलबाई चुकली म्हणजे तेलाचंही खोटं होतं. तिसरी ओळ — रुग्णवाहिकेसाठी तेल राखून ठेवायचं काम वॉर्ड ऑफिसचं होतं, दोन वर्षांत तीन अर्ज दिले, तिन्हींची पोच माझ्याकडे आहे. साहेब चिडतील? चिडू देत. मीही चिडलेय, सगळ्यांवर चिडलेय, तुझ्यावरसुद्धा, आणि माझ्यावर तर — ते राहू दे.

कुठे करायची सही? इथे?

झाली. मान का खाली घातलीस? मला धीरबीर देऊ नकोस, फॉर्मात त्याला रकाना नाही. ऊठ, चालता हो आता. दवाखान्यात भेटायची वेळ चार ते सहाच असते.